स्वच्छ खोलीची भिंत

तिला सगळे सांधेवाली म्हणत. दोन पत्रे जिथे भेटतात, काच जिथे चौकटीला टेकते, तिथली फट सिलिकॉनने भरायची आणि वरून बोट फिरवून गुळगुळीत करायची, हे काम ती बावीस वर्षं करत होती. नवरा खिडक्यांच्या काचा बसवायचा. त्याची पाठ गेली तेव्हा सिलिकॉनची बंदूक तिच्या हातात आली ती कायमची. उजव्या हाताच्या त्या बोटाच्या रेषा पार झिजल्या होत्या. हजेरीच्या यंत्रावर ते ठेवलं की यंत्र म्हणायचं, असा माणूसच नाही. मग ती डावा अंगठा लावायची आणि यंत्राला दोन शब्द सुनावायची.

बाई मुलखाची टापटिपीची. दुसऱ्याच्या हातचा पेला पुन्हा विसळल्याशिवाय ओठाला लावायची नाही. घरात कुणी ओला टॉवेल पलंगावर टाकला तर संध्याकाळपर्यंत त्याची खैर नसे. नाक तर असं, की उद्या नासणारं दूध तिला आज कळायचं. अशा बाईला स्वच्छ खोल्यांचं काम मिळालं तेव्हा तिला वाटलं, चला, शेवटी आपल्या जातकुळीचं काहीतरी सापडलं.

कारखाना इंजेक्शनच्या औषधाचा होता. मोठ्या टाक्यांत जिवंत पेशी वाढवून त्यांतून औषध काढणार होते, म्हणून खोल्या अशा हव्या होत्या की जंतूला शिरायला केसाएवढी फट मिळू नये. काम अकरा महिन्यांचं. ठेकेदाराच्या मॅनेजरने औषध कंपनीला शब्द दिला सात महिन्यांचा. हा मॅनेजर बोलताना मनगटावर टिचक्या मारायचा, म्हणून त्याचं नाव घड्याळसाहेब पडलं होतं. फाटकाशी त्याने एक फळा लावला होता आणि त्यावर उरलेले दिवस रोज सकाळी स्वतः लिहायचा. माणसं किती उरली आहेत ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

कामगारांचं बाथरूमही त्या फाटकाशीच. आतून तिथे जायचं म्हणजे पांढरा डगला, टोपी, बुटांवरच्या पिशव्या उतरवायच्या, वहीत वेळ लिहायची, सगळं आवार तुडवत जायचं आणि परत येऊन सगळं नव्याने चढवायचं. चौतीस मिनिटं लागत. परवानगी पाळीत एकदाच. सांधेवालीने त्यावर सरळ उपाय काढला होता. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नसे. दोनदा जळजळ होऊन ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ते सोडायचं कुठे तेही चिठ्ठीवर लिहून द्या.

फळ्यावर नऊ आकडा होता त्या दिवशी ती औषध भरायच्या खोलीत शेवटचा सांधा मारायला गेली. सगळ्या कारखान्यातली ही सर्वांत स्वच्छ खोली. तिथे उभं राहताच तिच्या नाकाने बातमी दिली. दोन पत्र्यांच्या भिंतींमध्ये वायरींसाठी वीतभर पोकळी होती. तिने फटीतून बॅटरी मारली. आत पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि त्यांत पाणी नव्हतं. पिवळ्या, गढूळ, काही नीट झाकण लावलेल्या, एक आडवी होऊन सांडलेली. शेजारी उष्ट्याच्या पिशव्या बुरसून काळ्या झालेल्या. डगल्याच्या बाहीत तोंड खुपसून ती बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

या भिंती बसवणाऱ्या चौघांत तिचा धाकटा दीर होता. तिनेच त्याला कामाला लावलं होतं. तो तिच्याच घरात राहायचा, त्याची बायको सहा महिन्यांची गरोदर होती. तिने त्याला जिन्याखाली गाठून तोंडाला येईल ते ऐकवलं. जनावरं बरी, असंही म्हणाली. तो खालमानेने ऐकत राहिला. मग म्हणाला,

"वहिनी, तुम्ही पाणी पीत नाही आणि आम्ही पितो. एवढाच फरक आहे."

ते तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. इतके दिवस आपण नाकाने कांदे सोलत होतो, आणि स्वतःच्या अंगात मात्र दिवसभर तेच साठवून फिरत होतो. किळस गेली नाही, पण आता ती कुणाची करायची हे कळेनासं झालं.

तिने घड्याळसाहेबाला बोलावून आणलं. त्याने फटीतून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि बंद करून टाका म्हणाला. भिंत उघडायची तर वायरी सोडवाव्या लागणार, दोन दिवस जाणार, आणि उद्या सकाळी औषध कंपनीच्या तपासनीस बाई ही खोली बघायला येणार. तिने सांगितलं, आधी उपसा, मग बंद करते. तो शांतपणे म्हणाला की चौकशी करायची झाली तर पहिलं नाव कुणाचं येईल ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि आत काय आहे ते बाहेरून कुणाला दिसतंय?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिराचं नाव घ्यायला जीभ रेटेना आणि त्या घाणीवर बोट फिरवायला हात रेटेना. तिने बंदूक त्याच्या हातात दिली. "मग तुम्हीच मारा."

आणि त्या निलाजऱ्याने खरंच मारला. अर्धं सिलिकॉन शर्टाच्या बाहीला, अर्धं फटीत.

सकाळी तपासनीस बाई आल्या. बॅटरी तिरकी धरून एकेक सांधा बघत, समाधानाने मान हलवत पुढे सरकल्या आणि त्या शेवटच्या सांध्यापाशी थांबल्या. गाठी, खड्डे, बोटांचे ठसे. हा कुणी केला, असं त्यांनी विचारलं. घड्याळसाहेबाने सांधेवालीकडे बोट दाखवलं.

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरवडून पुन्हा मारायला सांगितलं असतं, दिराची नोकरी राहिली असती. तिने भिंतीशी उभ्या असलेल्या दिराकडे पाहिलं, मग त्या सांध्याकडे.

"माझा नाही हा," ती म्हणाली.

मग दीर पुढे आला. कमरेचा पेचकस काढून त्याने पत्र्याचे स्क्रू सोडवायला सुरुवात केली. घड्याळसाहेब अंगावर धावला, तपासनीस बाईंनी हाताने थांबवलं. पत्रा निघाला तसे सगळे मागे हटले. सतरा बाटल्या निघाल्या. "यातल्या तीन माझ्या," दीर म्हणाला, आणि बाथरूम किती लांब आहे तेही त्याने सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

त्याचं फळ तिसऱ्या दिवशी मिळालं. दिरासकट चौघांना काढून टाकलं. कंपनीला द्यायच्या अहवालात, उशीर का झाला, या रकान्यात कामगारांची बेशिस्त असं लिहून घड्याळसाहेबाने हात झटकले. आणि आवारात पाण्याची बाटली आणायला बंदी, असा कागद दारावर चिकटला. बाथरूम होतं तिथेच राहिलं. सांधेवालीने तो कागद दोनदा वाचला. बाटल्या बघून आली नव्हती एवढी शिसारी तिला त्या कागदाची आली.

त्याच सकाळी चार नवे फिटर आले. दहाच्या सुमाराला त्यांच्यातला एक चुळबुळत तिच्यापाशी आला. मिशा पांढऱ्या झालेला माणूस, विचारायला लाजत होता.

"बाई, इथे लघवीला कुठे जायचं?"

तिने बंदूक खाली ठेवली आणि म्हणाली, चला, दाखवते. चौघांना घेऊन, डगल्यासकट, सिलिकॉन लागलेल्या बुटांसकट ती ऑफिसच्या पांढऱ्या फरशीवरून चालत गेली. मीटिंगच्या खोलीची काच, साहेबांची केबिन, आणि तिच्या शेजारी साहेबांचं बाथरूम. आधी ती स्वतः आत गेली. निवांत गेली. बाहेर आली तेव्हा मागून सुतार, वायरमन, झाडूवाल्या बायकाही येऊन उभ्या होत्या, आणि केबिनच्या दारात घड्याळसाहेब लालबुंद होऊन हा काय तमाशा आहे म्हणून विचारत होता.

"तमाशा नाही साहेब, रांग आहे," ती म्हणाली. "तुम्हाला जायचं असेल तर मागे उभे राहा."