कोटाच्या दोन डाव्या बाजू

शिवणाच्या दुकानात मास्तर म्हटलं की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे कापड बेतून कापणाऱ्या या बाईंना काय म्हणायचं, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडला होता. तो 'मास्तरीणबाई' म्हणून मिटला, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. दुकानात शिवणारे चौघं होते, पण गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायचा मान एकट्या बाईंचा. मालकसुद्धा त्यांच्या टेबलापाशी आवाज खाली घेऊन बोलत. बाईंना याचा गर्व होता, आणि का नसावा?

गेल्या वर्षी संधिवाताने त्यांची बोटं गाठली. सकाळी उठल्यावर दीड तास हात जणू दुसऱ्याचेच असत. नळाची चावी टॉवेल गुंडाळून फिरवायची, पेला दोन तळव्यांत धरायचा, डब्याचं झाकण घरूनच सैल करून न्यायचं. ब्लाउजचे हुक लावायचं काम यजमानांकडे आलं होतं. जन्मभर बस चालवलेले गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर आणून एकेक हुक चाचपत बसायचे आणि म्हणायचे, "अगं, एवढा वेळ मला बस वळवायलाही लागत नव्हता." बाई हसायच्या. ते चहा टाकायला गेले, की गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून घटकाभर रडून घ्यायच्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "काम काय करता?" बाई म्हणाल्या, "घरचंच." मग सल्लाही घरचाच मिळाला. पिशवी बोटांनी उचलू नका, कोपरात अडकवा. कपडे पिळू नका. हातांना मधूनमधून विसावा द्या. अर्ध्या किलोची कात्री दिवसातून सहा तास चालवू नका, हे त्या बिचारीने कशाला सांगावं?

दुकानातही हीच लपवाछपवी. कळलं तर कात्री जाईल, आणि कात्री गेली तर मग आपण कोण, ही धास्ती बाईंच्या पोटात बसली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांची मूठ तर मिटतही नव्हती, पण झाकायचा आटापिटा चालूच. सकाळभर त्या मापं लिहीत, हिशेबाने कापड मांडत, आणि कापायचं ते दुपारनंतर. कात्रीच्या मुठींना त्यांनी चिंध्या गुंडाळल्या. कुणी विचारलंच, तर हाताला घाम येतो म्हणून सांगितलं.

आता कापायची रीत सांगायला हवी, कारण घात तिथेच झाला. कापड दुमडून दुहेरी पसरायचं, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि दोन्ही थर एकदम कापायचे. एक बाजू उजवी निघते, दुसरी आपसूक डावी. उजव्या-डाव्याची काळजी माणसाने करायचीच नसते, ती घडी करते. पण कोटाच्या जाड कापडाचे दोन थर कापायचं बळ बाईंच्या हातात उरलं नव्हतं. तेव्हा त्यांनी गुपचूप घडी मोडली आणि एकेरी कापू लागल्या. दोन-तीन कोट निभावले. बाईंना वाटलं, जमलं आपल्याला.

त्या मंगळवारी आलेलं कापड एका गिऱ्हाइकाच्या वडिलांनी हौसेने घेऊन ठेवलेलं होतं. वडील गेले, कापड कपाटात सापडलं. तसलं आता कुठे मिळत नव्हतं. बाईंची मनगटं सकाळपासून ठणकत होती. त्यांनी कागदी नमुना ठेवला, आखला, कापला. पुन्हा ठेवला, आखला, कापला. दुसऱ्या वेळी नमुना उलटा ठेवायचा राहून गेला.

बुधवारी शिवायला घेतलं, तर कोटाच्या पुढच्या दोन्ही बाजू डाव्या. कापड दोन्हीकडून सारखं असतं तर एक बाजू पालथी घालून भागलं असतं. याला एका अंगाला लव होती.

मालकांनी ते तुकडे हातात घेऊन पाहिले आणि ते तडक चिमणीकडे वळले. चिमणी ही बाईंच्या हाताखाली शिकणारी, दोन मुलांची आई. तोंडाची टकळी कधी थांबायची नाही म्हणून ते नाव.

"बाई जेवायला गेल्या की कात्री घेतेस ना हातात?" मालक म्हणाले. "केवढं नुकसान झालं, कळतंय का? उद्यापासून येऊ नकोस."

चिमणीने बाईंकडे पाहिलं. कापडाचे तागे उचलून देताना बाईंची बोटं तिने रोज पाहिलेली होती. तिने खाली मान घातली आणि, आश्चर्य म्हणजे, ती एक अक्षर बोलली नाही.

बाईंना क्षणभर वाटलं, आपणही गप्प बसावं. हे वाटलं याची लाज त्यांना पुढे कितीतरी दिवस पुरली. "मालक, कोट मी कापलाय," त्या म्हणाल्या.

मालक चक्क हसले. "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण तिला पाठीशी घालू नका. शिकाऊ माणसाची चूक आम्हाला ओळखू येते."

एकोणतीस वर्षांचं नाव असं आडवं आलं. खरं सांगूनही कुणाला पटेना. मग बाईंनी त्याच कोटाचा उरलेला तुकडा ओढला, दुहेरी घातला आणि सगळ्यांदेखत कात्री लावली. पाती कापडात दोन बोटं शिरली आणि अडकली. बाईंनी दुसऱ्या हाताने मूठ दाबली, खांदा लावला, कपाळावर घाम आला. पाती मिटली नाहीत. मशीनवरचे चौघंही पाय थांबवून बघत राहिले.

"राहू द्या, बाई," मालक म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले, की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

त्यांनी हात मागे घ्यायला पाहिला, पण सुजलेली बोटं मुठीतून निघेनात. चिमणी पुढे झाली. तिने एकेक बोट हळूच सोडवलं आणि कात्री स्वतःच्या हातात घेतली. बाईंनी ती घेऊ दिली.