कमरेची किल्ली

सुलोचनाताईंच्या एकसष्टीच्या ग्रंथासाठी मी लिहितो आहे हे कळल्यावर ताईंचा निरोप आला, "खोटं लिहू नका, अन् लांबण लावू नका." पहिली आज्ञा मी पाळणार आहे. दुसरीचं सांगता येत नाही.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शेलूबाजारला, आमच्या भाजीपाला उत्पादक संघाच्या शेडमध्ये. सभासद व्हावं म्हणून मी गेलो होतो. एक विक्रेते नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे गुण गात होते. अध्यक्षा असलेल्या ताई शांतपणे उठल्या, भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि म्हणाल्या, "हं, आता दाखवा भाऊ. आमच्या इथं लाइन अशीच जाते." विक्रेते बिचारे काट्याकडे बघत राहिले. पुढे मी संघाचा सचिव झालो आणि हा मेन स्विच कितीतरी वस्तूंच्या वेळी खाली आलेला पाहिला. जी वस्तू अंधारात चालेल तीच संघात यायची.

ताईंची शिस्त कडक, पण माणूस सांभाळायची रीत फार मऊ. आमच्या गावची मनीषा सासर सोडून माहेरी परत आली तेव्हा ताईंनी तिला संगणकावर बसवलं. ती बटनाला हातच लावेना. ताई म्हणाल्या, "दाब बटन. चुकलं त ताईनं सांगतलं होतं म्हणून सांगजो." नंतर खरंच चुकलं, आणि ताईंनी भर सभेत ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली. आज संघाचं सगळं संगणकाचं काम मनीषाच पाहते.

आमचा माल नागपूरचे एक मोठे खरेदीदार घेतात. प्रत्येक क्रेटवर शेतकऱ्याचं नाव आणि काढणीची माहिती असलेलं छापील लेबल हवं, अशी अट त्यांनी घातली आणि संघाला सॉफ्टवेअर घेणं भाग पडलं. प्रश्न असा होता की ते ठेवायचं कुठे? स्वतःचा सर्व्हर विकत घेऊन ऑफिसात ठेवायचा, की कंपनीच्या दूरच्या यंत्रावर, म्हणजे क्लाउडवर, काम करून दरवर्षी भाडं भरायचं? तरुण सभासद क्लाउडच्या बाजूचे होते. मनीषा म्हणाली, "ताई, घरी बसून मोबाइलवर पाहता येईल." ताई म्हणाल्या, "घरी बसाले कोणाले येळ हाय? अन् आपली माहिती दुसऱ्याच्या घरी काहून ठेवाची?" सर्व्हर आला, आणि मेन स्विच खाली आल्यावरही सोबतच्या बॅटरीवर चालला. ताईंनी तो ऑफिसातल्या स्वतःच्या खोलीत ठेवला, दाराला भरभक्कम कुलूप लावलं आणि किल्ली साखळीला अडकवून कमरेला खोचली. यंत्र खरोखर चांगलं होतं. नेट नसलं तरी चालायचं, आणि सगळी माहिती आपल्या छपराखाली असल्याचं समाधान आम्हालाही होतं.

मग ताई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला गेल्या. खोलीला नेहमीप्रमाणे कुलूप, किल्ली नेहमीप्रमाणे कमरेला. एका सकाळी बॅटरी संपेपर्यंत लाइन गेली, आणि परत आली तेव्हा सर्व्हर अडकला. तो डबा हाताने बंद करून पुन्हा सुरू करायला हवा होता, आणि डबा कुलपाआड. गाडी दारात उभी, क्रेट भरलेले, लेबल एकही नाही. मी फोन लावला. पलंगावरून ताई ओरडल्या, "तोडा ना भाऊ ते कुलूप!" आम्ही हातोडी आणली. दारासमोर उभे राहिलो. हातोडी याच्याकडून त्याच्याकडे गेली आणि परत माझ्याकडे आली. ताईंचं कुलूप तोडायला कोणाचाही हात उचलेना. शेवटी ताईंच्या भाच्याने किल्ली एसटीच्या कंडक्टरकडे दिली, ती दिवस कलताना पोचली. तोवर आमच्या सभासद शांताबाईंचा सांभार, इतर लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, क्रेटमध्येच मान टाकून बसला होता.

ताई काठी टेकत परत आल्या त्या थेट सभेत. इतक्या रागावलेल्या त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. "माह्या कुलपाले हात नाही लावला तुमी, अन् शांताबाईचा सांभार सुकू देल्ला?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमचं काय चुकलं? डबा माह्या खोलीत, किल्ली माह्या कमरेले. अख्खा संघच मी कमरेले बांधून ठेवला. उद्या मी नसली त?" ऐकताना मला गलबलून आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

मग ताईंनीच क्लाउडच्या विक्रेत्यांना बोलावलं. ते आले तेव्हा मेन स्विच अर्थातच खाली आला. मनीषाने मोबाइलच्या नेटवर काम चालू ठेवलं. ताई तिला शेडच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या, जिथे नेट येत नाही. तिथे काम थांबलं. मग ताईंनी अटी घातल्या. दुसऱ्या दिवशीची लेबलं संध्याकाळीच छापून ठेवायची. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवायची. रोजच्या कामाची प्रत आपल्याकडे उतरवून घ्यायची. आणि उद्या आपण त्यांना सोडलं तर सगळी माहिती परत द्यायची, हे त्यांनी लिहून द्यायचं. विक्रेत्यांनी लिहून दिलं आणि संघाचं काम क्लाउडवर गेलं.

पण खरी परीक्षा ताईंनी आमची आणि स्वतःची घेतली. म्हणाल्या, "दर गुरुवारी मी येणार नाही. मी नाहीच असं समजा." त्या पहिल्याच गुरुवारी लाइन गेली, पाठोपाठ नेट गेलं. मनीषाने दुसरं सिम घातलं, छापून ठेवलेली लेबलं क्रेटवर चिकटली, गाडी वेळेवर निघाली. शांताबाईंचा सांभार हिरवागार नागपूरला गेला. संध्याकाळी ताई आल्या, सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "दिवसभर मले कोणी फोन काहून नाही केला?"

मनीषा म्हणाली, "काम नाही पडलं ताई."

ताई खळखळून हसल्या आणि शेडमध्ये चहा सांगितला.

सुलोचनाताई, संघ आता तुमच्यावाचून चालतो. तुम्ही इतक्या कष्टाने तेच तर साधलंत. पण आमचं तसं नाही. त्या खोलीला आता कुलूप नसतं, किल्ली मात्र सवयीने तुमच्या कमरेला आहेच. तुम्ही शेडमध्ये शिरलात की ती वाजते, आणि भाजी निवडणारे सगळे हात थांबून माना वर होतात. गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, उदंड जगा. काहीही न उघडणाऱ्या त्या किल्लीचा आवाज आम्हाला अजून खूप वर्षं ऐकायचा आहे, गुरुवारीसुद्धा.