पेंडसेंच्या कॉम्प्युटरची परचेस कमिटी

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस मी, पण हल्ली गॅस बंद केला की नाही हे बघायला खाली उतरलेला जिना पुन्हा चढतो. त्यात हे किस्से इतक्या वेळा सांगून झालेत, की कुठलं वाक्य कोण बोललं आणि कुठलं मी नंतर त्याच्या तोंडी घातलं, याची मलाच खात्री राहिलेली नाही. चार रिटायर्ड सरकारी मराठी माणसं एका सोसायटीत राहायला आली की किस्से साठतातच, गाझियाबादच्या बाल्कनीत धूळ साठते तसे. आज पुसा, उद्या पुन्हा आहेतच!

आम्ही चौघं दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधले शेजारी. ऑडिटमधले भोसले, टेलिकॉममधला इनामदार, मंत्रालयात नोटिंग-ड्राफ्टिंग करण्यात जन्म घालवलेले पेंडसे, आणि मी. निवृत्तीनंतर इथे एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. सगळं ठीक चाललं होतं. मग पेंडसेंच्या बायकोला, मालतीवहिनींना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळपास गेलं.

एका रविवारी गच्चीवर उन्हात शेंगा खाताना पेंडसे म्हणाले, "घरी एक कॉम्प्युटर लागेल. साधा, स्वस्तातला. गुरुग्रामची एक फर्म ड्राफ्टिंगचं काम देतेय, घरून करता येईल. हिला सोडून मला कुठे जाता येत नाही."

भोसलेंनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"म्हणजे इंडेंट आला, रीतसर मागणी आली," ते म्हणाले. "कमिटी बसवू!"

*

कमिटी म्हणजे खरोखरची कमिटी. भोसले अध्यक्ष, इनामदार टेक्निकल मेंबर, मी फायनान्स. पेंडसेंना कमिटीत घेतलं नाही, कारण ज्याचा इंडेंट त्यानेच खरेदी ठरवली तर ऑब्जेक्शन येतं!

तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही, सुटे भाग घेऊन जोडायचा, म्हणजे स्वस्त पडतो, असं इनामदार म्हणाला. भोसलेंना ते फारच आवडलं. प्रत्येक भागासाठी वेगळी तीन कोटेशनं मागवता येणार होती! नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात आमच्या खेपा सुरू झाल्या. प्रोसेसर एका दुकानात सगळ्यात स्वस्त, मदरबोर्ड दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्या. भोसले नियमाला पक्के. जो एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोली ज्याची, माल त्याचाच.

शेवटच्या दुकानातल्या माणसाने आमची पिशवी उघडून बघितली. एकदा प्रोसेसर बघितला, एकदा बोर्ड.

"अंकल, ये इसमें बैठेगा ही नहीं. दोनों अलग कंपनी के हैं."

"कैसे नहीं बैठेगा?" भोसले म्हणाले. "दोनों एल-वन हैं!"

*

प्रोसेसर बदलून मिळाला. पुन्हा तीन कोटेशनं, पुन्हा सगळ्यात स्वस्त. जोडणी पेंडसेंच्या घरी, इनामदारच्या हातून. आम्ही दोघं टॉर्च धरायला.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, आणि स्क्रीन काळाच. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. काळाच! शेवटी इनामदारने दुकानात फोन लावला. या प्रोसेसरमध्ये डिस्प्ले देण्याची सोयच नाही, म्हणून तर तो स्वस्त होता, असं कळलं. वेगळं कार्ड घ्यावं लागणार.

इनामदारने फोन ठेवला आणि सहज म्हणाला, "मशीनला काही झालेलं नाही रे. आत सगळं व्यवस्थित चालू आहे. फक्त त्याला बाहेर सांगता येत नाही."

म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. मालतीवहिनी उशीला टेकून आमच्याकडे बघत होत्या.

पेंडसेच आधी हसले.

"चला, म्हणजे आता घरात दोघं झाले," ते म्हणाले. आणि आत जाऊन वहिनींची उशी नीट करून आले.

*

कार्ड आलं, स्क्रीन उजळला. राहिला कीबोर्ड. त्याला मात्र पेंडसे स्वतः यायचं म्हणाले. वहिनींपाशी माझ्या बायकोला बसवून आम्ही निघालो.

तोवर या माणसाने एकाही गोष्टीसाठी हट्ट केला नव्हता. मेमरी किती हवी विचारलं, तर म्हणाले, "कमीत कमी." डिस्क? "छोटी चालेल." भोसले तर भारावून गेले होते. "उभ्या सर्व्हिसमध्ये कमी मागणारा ऑफिसर मी पहिल्यांदा बघतोय!"

दुकानदाराने अगदी मऊ, बिनआवाजी कीबोर्ड पुढे केला. घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर हाच घ्या म्हणाला. पेंडसेंनी दोन बोटं चालवून तो परत दिला. दुसरा परत. तिसरा परत. मग त्यांनी कान खाली नेऊन एकेक कीबोर्ड वाजवायला सुरुवात केली.

"पेंडसे, अरे पेटी घेतोयस का?" इनामदार ओरडला.

"पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे," पेंडसे म्हणाले.

दुकानदाराने आमच्याकडे बघितलं. आम्ही दुकानदाराकडे. आणि मग त्याच्याकडे होता तो सगळ्यात खडखडाट करणारा कीबोर्ड घेऊन घरी आलो. या एका खरेदीला कोटेशनं झाली नाहीत, याची खंत भोसलेंना बरेच दिवस होती.

*

वहिनींकडे दोनच शब्द उरले होते. एक 'जा' आणि दुसरा 'ऑफिस'.

रोज सकाळी नऊ वाजता त्या अस्वस्थ व्हायच्या. डाव्या हाताने दाराकडे बोट. "ऑफिस. जा. ऑफिस." पेंडसे सांगायचे, "अगं, मी रिटायर झालो." त्यांना ते पटायचं नाही. आपल्या आजारपणामुळे हा माणूस घरी बसलाय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पेंडसेंनी भरवायला घेतलं की तोंड भिंतीकडे. घास ढकलून द्यायच्या. आर. के. पुरमला याच बाई बाल्कनीत उभ्या राहायच्या, पेंडसेंची बस कोपऱ्यावर वळेपर्यंत. मी पाहिलंय. निदान मला तसं आठवतं.

पेंडसेंनी एकदा खरंच बूट घालून "येतो गं" म्हणून पाहिलं. खाली बाकावर जाऊन बसले. वर वहिनी इतक्या घाबरल्या, की देखभालीला येणाऱ्या बाईंनी खिडकीतून हाका मारून त्यांना बोलावून घेतलं. गेला तर भीती, राहिला तर उपास! माणसाने करायचं काय?

कॉम्प्युटर आल्यावर ते सुटलं. नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट, बूट, वहिनींच्या खाटेपाशी "येतो गं", आणि पलीकडच्या खोलीत जाऊन खडखड खडखड टायपिंग. तो आवाज सुरू झाला की वहिनी बाईंच्या हातून मुकाट्याने जेवायच्या.

मी एकदा अकराच्या सुमाराला गेलो. पेंडसेंनी दार किलकिलं केलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"अहो, जरा चहा घेऊ म्हटलं," मी कुजबुजलो.

"मी ऑफिसात आहे," ते म्हणाले. "लंच अवरला या!"

*

मला यूपीएसची काळजी. एवढं महत्त्वाचं काम, लाईट गेली आणि ड्राफ्ट उडाला तर? मी कमिटीत तीनदा मुद्दा मांडला. भोसलेंनी तो पुढच्या बैठकीवर ढकलला.

आणि एका दुपारी मी तिथे असतानाच लाईट गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळा. पेंडसेंची बोटं चालूच. मला वाटलं, नजर कमजोर झाली, कळलं नसेल.

"अहो पेंडसे, लाईट गेली!"

"हो," ते म्हणाले. "वाक्य डोक्यात आहे तोवर बोटं थांबवायची नसतात. तुटतं."

लाईट येईपर्यंत ते मेलेल्या मशीनवर टाइप करत राहिले. आतून हाक आली नाही. मी मात्र घरी येऊन बायकोला म्हटलं, याला म्हणतात कामाची निष्ठा!

*

वहिनी थंडीत गेल्या. धुकं असं होतं की निगमबोधच्या स्मशानघाटावर नेणाऱ्या गाडीचे मागचे दिवे आम्हाला गेटपासूनच दिसेनासे झाले.

तेराव्यानंतर पेंडसे इनामदारला म्हणाले, "ते मशीन घेऊन जा. राजिंदर नगरमध्ये आपल्याकडची मुलं यूपीएससीची तयारी करतायत, त्यांना दे."

"अरे, आणि तुझं काम?"

"रिटायर झालो," पेंडसे म्हणाले.

इनामदारने वायरी गोळा केल्या. भोसलेंनी डिस्पोजलच्या नियमाबद्दल तोंड उघडलं, आणि मिटलं.

*

आता शेवटचा किस्सा. पेंडसेही आता नाहीत. त्यांच्यानंतर काही वर्षांनी गुरुग्रामला माझ्या पुतण्याने नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या जेवणाला त्याच्या शेजारचे मल्होत्रा म्हणून एक गृहस्थ माझ्या बाजूला बसले होते. बोलता बोलता निघालं, की पेंडसेंना काम देणारी ती फर्म यांचीच. मला भरून आलं. "हमारे पेंडसे साहब घर से आपका ड्राफ्टिंग करते थे," मी म्हटलं. त्यावर ते जे बोलले, ते मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. जिलेबी संपेपर्यंत मी पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर चैन पडेना. ऐकण्यात चूक झाली असेल, हिंदी समजण्यात झाली असेल, कदाचित माणूसच दुसरा असेल. दुसऱ्या दिवशी पुतण्याकडून नंबर घेतला. साक्षीला भोसलेंना शेजारी बसवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि पूर्ण नाव, मंत्रालय, सोसायटी, सगळं सांगून विचारलं.

"हां जी, वही पेंडसे साहब," मल्होत्रा म्हणाले. "एक ही बार आए थे. हमने बहुत कहा, घर से कर लीजिए. पहली मीटिंग में ही हाथ जोड़ लिए. बोले, वाइफ बीमार है, कान उधर लगा रहेगा, काम में गलती होगी. उन्होंने हमारे लिए कभी एक पेज भी नहीं किया."