मांडीवरची पोर

माझी नणंद ओकरान चित्रकार. तिला एकच खूळ, घरची माणसं रंगवायची. सासूबाई सासऱ्यांची पाठ घासतायत असं चित्र तिने भर प्रदर्शनात लावलं, तेव्हा माझा नवरा बहिणीशी महिनाभर बोलला नव्हता. या घराचं मला ठाऊक नाही असं काहीच नाही, असं वन्सं ऐटीत सांगायच्या. मी मान डोलवायची. वाद कोण घालणार?

गेल्या शरदात सासूबाई म्हणाल्या, आता माझं काढ. आमच्या तोंगयंग गावात मयताला लावायचं चित्र माणूस धडधाकट असतानाच करून ठेवतात. आयुष्य वाढतं म्हणे. ठेवणीतले रेशमी कपडे घालून त्या बसल्या. मी शेजारी नासपती सोलत होते. चित्र होत आलं तशा त्या म्हणाल्या, "मांडीवर थोरलीला काढ."

वन्सं म्हणाल्या, "थोरली तर मीच ना?"

मग जे निघालं, ते ऐकून माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. वन्संच्या आधी एक मुलगी झाली होती. दोन वर्षांची होऊन गोवराने गेली. लग्नाआधी गेलेल्या पोराचं आमच्यात ना श्राद्ध, ना कुणी नाव काढत. सरकारदरबारी मात्र तिची नोंद तशीच राहिली, आणि वन्सं जन्मल्यावर सासऱ्यांनी तीच नोंद त्यांना चालवली. ओकरान हे नाव त्या पोरीचं. वाढदिवसही तिचाच. म्हणजे दर वर्षी वाढदिवसाचं समुद्रशेवाळाचं सूप आम्ही भलत्याच पोरीच्या नावाने पीत होतो! इतकी वर्षं सासूबाईंच्या हातचं जेवले, आणि पोटात हे?

वन्संनी विचारलं, "मग मी कधी जन्मले?"

"बार्लीच्या कापणीत. ती जाऊन महिनाही झाला नव्हता. तारीख कोण ध्यानात ठेवणार गं?"

थोरलीचा फोटो नव्हताच. सासूबाई म्हणाल्या, तुझंच तोंड काढ, बहिणी त्या बहिणी.

वन्संनी कुंचला खाली ठेवला. "नाव तिचं, वाढदिवस तिचा. तोंड तरी माझं राहू दे, आई."

सासूबाई लेकीकडे बघत राहिल्या. इतकं निरखून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग हळूहळू सांगू लागल्या. कान बारके होते, तुझ्यासारखे फताडे नाहीत. कपाळ अरुंद. भुवईवर चट्टा. वन्सं काढत गेल्या, पुसत गेल्या. संध्याकाळपर्यंत मांडीवर एक परकी पोर येऊन बसली.

सासूबाईंनी ओल्या रंगाला बोट लावलं आणि चित्राला हाक मारली, "ओकरान."

वन्सं सवयीने ओ द्यायला वळल्या आणि तिथेच थांबल्या. सासूबाईंनी मान वर केली.

"आणि तुला गं? तुला काय म्हणू?"