देवी उपडी, घुबड उताणं

मावशी होत्या म्हणून मी आज अमरावतीत नोकरीवर आहे. आमच्या संग्रहालयात झाडलोट करणाऱ्या, अंजनगाव सुर्जीच्या मावशी. हे आधी लिहितो, कारण पुढचं आठवलं की डोकंच फिरतं.

मी मालवणकडचा, आठवीत शाळा सुटलेला, इथे कंत्राटी पहारेकरी. माझ्या दालनात काचपेटीत ग्रीक लोकांचं एक चांदीचं नाणं आहे, फार जुनं. एका बाजूला त्यांच्या देवीचं तोंड, दुसऱ्या बाजूला घुबड. घुबड वर ठेवायचं. शेजारच्या फोटोतही घुबडच.

एका सोमवारी तपासणीचे साहेब आले. पाहतात तर घुबड नाही, बाईचं तोंड.

"नाणं बदललं!"

"साहेब, तेच आहे, उलटं झालंय."

"आठवी शिकलेला तू मला नाणी शिकवणार?"

उघडून बघा म्हटलं, तर पेटीची किल्ली आमच्या अकोल्याच्या साहेबांकडे, आणि ते बुधवारपर्यंत रजेवर, अकोल्याला घरी. पुरावा वीतभर अंतरावर, मध्ये काच! मला दालनाबाहेर स्टुलावर बसवलं. घरून फोन आला की "बरं आहे" म्हणायचो.

मंगळवारी मावशी झाडू घेऊन आल्या. "काहून तोंड पाडून बसला रे पोरा?"

सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बापा! थे तं मीच पलटवलं. शुक्रवारी अकोल्याच्या सायबानं पेटी उघडली, मी आतून काच पुसून राहिली होती. पाह्यलं तं देवी उपडी अन् घुबड उताणं! देवीले असं तोंडावर पाडून ठेवतेत का कोनी?"

हसू की रडू कळेना. "मावशी, बोलू नका कुठे. काम जाईल तुमचं."

"गेलं तं गेलं. मी पलटवलं अन् तुले काढतीन, असं कसं?"

बुधवारी त्या माझ्यासोबत अकोल्याला साहेबांच्या घरी आल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. संध्याकाळी साहेबांनी किल्ली घेऊन येऊन पेटी उघडली, नाणं उलटलं. घुबड जागच्या जागी. चुकलं म्हणून कोणी बोललं नाही. उलट मावशींनाच आठ दिवस कामावर येऊ नका म्हणाले. मी तिथेच उभा होतो. तोंडातून शब्द फुटला नाही. तोच राग अजून स्वतःवर आहे.

अकोल्याला जाताना बसमध्ये मावशींनी विचारलं होतं, "समुद्राचा पल्याडचा काठ खरंच दिसत नाई का रे?" मावशी, एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेईन. किनाऱ्यावर उभं राहून तुम्हीच बघा.