मंग तुले तिथून काहून काढलं?

माझ्या नाकावर राग असतो, हे अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्या वेळी मला तोंडावर कुणी काही विचारलं नाही आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन होते. हृदयाच्या नसांत तार घालून एक्स-रेखाली बघतात, ती खोली. अंगात शिशाचा जड एप्रन आणि त्याच्या आत छातीशी एक बॅज. आपल्या अंगावर किती किरणं पडली ते तो बॅज टिपतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. माझ्या बॅजवर कधीच काही निघालं नाही. डॉक्टरांच्या तोंडून शब्द निघायच्या आत मी टेबल सरकवलेलं असायचं. मला ते काम फार आवडायचं.

ही नोकरी मला सासूमुळे मिळाली, असंच म्हणायला हवं. तेल्हाऱ्याकडचं शेतकरी घर. सुनेनं किरणांच्या मशीनपाशी उभं राहायचं म्हटल्यावर सासरे बिथरले होते. सासू चूल सोडून बाहेर आली आणि म्हणाली, शिकली हाय तर जाऊ द्या तिले. नवऱ्यापुढं ती अशी बोललेली मी त्यानंतर कधी ऐकली नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोघांच्याही तपासण्या झाल्या, दोष कुणातच निघाला नाही. निघाला असता तर निदान बोट दाखवायला जागा झाली असती, असं मला कितीदा वाटायचं.

एकदा सेफ्टीचे सर आमचं प्रशिक्षण घेत होते. किरणांपासून कर्मचाऱ्यांना सांभाळायची जबाबदारी त्यांची. मनात होतं सरळ विचारावं, सर, माझी कूस यामुळे तर रिकामी नाही ना? पण हॉलमध्ये वॉर्डबॉयपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे बसलेले. जीभच उचलेना. मग मी जरा सभ्य प्रश्न विचारला, की गरोदर बाईनं या खोलीत काम केलं तर बाळाला काय होतं. सरांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि फार मायेनं उत्तर दिलं.

पुढच्याच ड्युटीच्या तक्त्यात मी रिपोर्ट वाटायच्या खिडकीवर. ना विचारणं, ना सांगणं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी चुगली केली असणार असं धरून मी सगळ्यांशी अबोला धरला. लोक मात्र एकाएकी गोड झाले. कुणी खुर्ची पुढं करी, आयामावशी फायलींचा गठ्ठा उचलू देईनात, डब्यातलं लोणचं आधी माझ्याकडे येई. मला वाटलं, यांना माझी कीव येऊन राहिली. आमच्याकडे तीन महिने होईस्तोवर असली गोष्ट कुणी बोलत नाही, नजर लागते म्हणतात. त्यामुळे सगळ्यांनी मनात ठेवलं आणि ज्या गोष्टीसाठी मला जपत होते ती एकट्या मलाच ठाऊक नव्हती.

कळलं ते सासू दारात उभी राहिली तेव्हा. आयामावशींची भाची आमच्या तेल्हाऱ्याच्या गल्लीत दिलेली, तिच्याकडून बातमी गेली होती. सासू एसटीनं एकटीच आली होती, पिशवीत चिंचा, बोरं आणि एक लाडवाचा डबा. चपला काढायच्या आधी तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचा तो चेहरा आठवला की आजही मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

मी म्हटलं, "आई, तसं काहीच नाही."

तिनं डबा तसाच मांडीवर धरला. मग तिनं मला विचारलं, "मंग तुले तिथून काहून काढलं?"

मी बॅजचं सांगितलं, एप्रनचं सांगितलं, सरांचा गैरसमज सांगितला. तिच्या डोक्यात एकच शिरलं. धोका नसता तर पोटुशी बाईला तिथून कशाला हलवलं असतं? आणि एवढी वर्षं सून तिथंच उभी होती. मग ती एवढंच म्हणाली, "म्याच पाठवलं तुले."

मी खरं काय ते सांगितल्यावर सर बिचारे घरी आले. त्यांनी माफी मागितली, माझ्या बॅजचे सगळे जुने रिपोर्ट दाखवले, या कामानं असं काही झालेलं नाही हे पुन्हा पुन्हा समजावलं. सासूनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, माणूस चांगला हाय, आपल्यासाठी खोटं बोलून राहिला. सरांनी मला परत आत घ्यायचीही तयारी दाखवली होती. पण आत गेले असते तर "नव्हतंच काही" किंवा "गेलं", यातलं एक गावभर झालं असतं. मी खिडकीवरच राहिले. लाडू मात्र तिनं मला बसून खायला लावले. म्हणाली, तुयासाठीच आणले होते.

पुढं आम्ही अकोल्याला आलो आणि मी परीक्षा देऊन सेफ्टीचंच काम घेतलं. आता कुठल्याही मुलीची ड्युटी तिच्याशी एकांतात बोलल्याशिवाय मी बदलत नाही. पण माझ्या सासूला मी कधीच पटवू शकले नाही. नीट सांभाळलं तर या कामानं काही बिघडत नाही, हे मी अनोळखी लोकांना मात्र रोज पटवते.

गेल्या वर्षी ती अंगणात पडली. खुबा मोडला. एक्स-रेच्या टेबलावर पाय स्थिर राहीना, कुणीतरी धरायला हवा होता. असं धरायला कर्मचारी उभे करत नाहीत, घरचं माणूस एप्रन घालून उभं राहतं. मी एप्रन चढवला, तिच्या पायाशी गेले. माझे केस पिकलेत, पाळी जाऊनही काही वर्षं झाली. तिनं मान उचलून माझं मनगट धरलं आणि दाराकडे ढकललं.

"तू बायेर हो. तुले अजून होऊ शकते."

वाद घालायला माझ्याकडे सगळी माहिती होती. मी एप्रन उतरवून सोबत आलेल्या नवऱ्याच्या गळ्यात घातला, बाहेर आले आणि काचेमागं उभी राहिले. मी बाहेर गेल्याचं दिसेपर्यंत तिनं मान खाली टेकवली नाही. दिवाळीच्या आधी ती गेली.