दोन सीटच्या गाडीची बॅटरी

माझ्या नवऱ्याने पंचावन्नाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली. ते पांढरकवड्यात दातांचे डॉक्टर, मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. गाडीच्या सीटा दोन.

नागपूरचे त्यांचे एक मित्र कायमचे परदेशी निघाले होते. त्यांच्याकडची ही जुनी, लाल, कापडी टपाची गाडी ह्यांनी कोणाला न विचारता आणली. इंजिन मागे आणि डिकी पुढे, हे बघायला आठवडाभर लोक येत होते. सासूबाई ओट्यावर आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "आन मी कुठी बसू?"

"आई, तुझ्यासाठी मोठी गाडी आहेच ना," हे म्हणाले.

"हो, आहेच," म्हणून त्या आत गेल्या. मीही पुष्कळ दिवस त्या गाडीशी फटकूनच होते.

हौसेचा पहिला महिना संपला. क्लिनिक सुटायचं नाही, गाडी गावातल्या प्रत्येक गतिरोधकाला पोट घासायची, त्यामुळे ती शेडमध्येच उभी राहू लागली. मे महिन्यात एका रविवारी ह्यांनी किल्ली फिरवली, तर टक् सुद्धा वाजलं नाही. काटे हलले नाहीत, दिवा लागला नाही.

"बॅटरी बसली," मी म्हटलं.

बॅटरी पुढच्या डिकीत. आणि डिकीचं कुलूप विजेवर उघडणारं. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरीच पाहिजे. ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि डिकीच्या फटीत घालायला निघाले.

"थांबा. रंग जाईल. पुस्तक कुठे आहे गाडीचं?"

पुस्तक सीटमागच्या कप्प्यात होतं, प्लॅस्टिक न फाडलेलं. त्यात चित्रासह दिलं होतं: ड्रायव्हरच्या पायाजवळ फ्यूजची पेटी असते, तिच्यातली लाल पिन बाहेर ओढायची, दुसऱ्या बॅटरीचं प्लस तिला लावायचं, मायनस दाराच्या कुलपाच्या लोखंडाला. मोठ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरी आणून मी तसं केलं. समोर खट् झालं आणि डिकी बोटभर वर आली. आयुष्यभर पोरांना सर्किट शिकवलं, पण त्या आवाजाचा जो आनंद झाला तो वेगळाच होता. ह्यांनी फक्त "अरे वा" म्हटलं आणि स्क्रू-ड्रायव्हर मागे लपवला.

जुनी बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली होती. मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी जीपची बॅटरी आणून बसवली. ती उंच होती, बुडाला खाच नव्हती, त्यामुळे खालचा पकडीचा तुकडा बसेना. त्याने ट्यूबच्या रबराने ती आवळून बांधली. प्लस-मायनसच्या बाजूही उलट होत्या, म्हणून केबल ताणून ओढली. जुन्या बॅटरीला एक बारीक नळी होती, ती लोंबकळत राहिली. मी नळीचं विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही मॅडम, हवेची आहे ते."

ह्यांना गाडी सुरू झाल्याशी मतलब. पंधरा दिवसांनी राळेगावला माझ्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता. हट्टाने हे लाल गाडी घेऊन निघाले. वाटेत मला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला.

"बॅटरीचा वास आहे," मी म्हटलं.

"बाहेरचा असेल."

परतताना एका वळणावर समोर धप्प आवाज झाला आणि गाडी मेली. रस्ता मोकळा होता म्हणून बरं. दोन्ही बाजूंना पेरणीसाठी तयार केलेली काळी शेतं. मी जरीची साडी नेसलेली, हे कडक इस्त्रीत. आम्ही दहा मिनिटं भांडलो. मग भांडण सोडलं, कारण डिकी पुन्हा बंद आणि जवळ दुसरी बॅटरी नाही.

एक ट्रॅक्टरवाले काका थांबले. त्यांनी गाडीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय झालं जी? बंद पडली काय?"

"बॅटरीची वायर निसटली असेल," मी म्हटलं. "तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी पाच मिनिटं मिळेल का?"

"घ्या ना. पण हिचं इंजन त मागं दिसून राह्यलं. बॅटरी कुठी हाय?"

"पुढं."

"बरोबर हाय. सामान पुढं, जोर मागं. बैलबंडीच्या उलटी," ते म्हणाले आणि पाना घेऊन खाली उतरले.

ट्रॅक्टर अगदी खेटून लावला, वायरी मी सीटमागे ठेवलेल्याच होत्या. लाल पिन, दाराचं लोखंड, खट्. आत जीपची बॅटरी आडवी पडली होती, केबल सुटलेली, खालच्या कापडाला आम्लाने भोकं पडलेली. मी पदर खोचला आणि पहिली सूचना दिली ती हात न लावण्याची. काकांनी गोणपाटाची घडी करून दिली, ती घालून बॅटरी उभी केली, केबल आवळली. काकांना हे सारखे धन्यवाद म्हणत होते. काका म्हणाले, "मले कायले म्हणता? बाईनं केलं सारं."

काचा खाली करून, तीसच्या वर न जाता आम्ही घरी आलो. दारात उतरताना हे म्हणाले, "आता तूच बघ. मी मध्ये बोलणार नाही."

मग मी नीट बघितलं. शेडमध्ये पडलेल्या जुन्या बॅटरीची लांबी, रुंदी, उंची मोजली, प्लस कोणत्या हाताला ते चित्र काढलं, पकडीची खाच, नळीचं भोक, वरचा अँपिअर-अवरचा आकडा, सगळं एका कागदावर लिहिलं आणि यवतमाळला गेले. तिथे एक म्हातारे बॅटरीवाले आहेत. ट्रक, पंप, इन्व्हर्टर, सगळ्यांच्या बॅटऱ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी कागद चष्मा वर करून वाचला.

"माझ्याजोळ नाही," ते म्हणाले. "ठोकून-ठाकून बसवून देऊ शकतो. पण देणार नाही."

"का बरं?"

"हिची बॅटरी बंद डिकीत असते. गॅस बाहेर जायले नळी पाह्यजे. आन साधी पाण्याची नको. हिच्यात काचेच्या धाग्याच्या चटईत आम्ल शोषलेलं असते, ते हिंदळत नाही. अँपिअरही गाडीनं मागितलेत तेवढेच पाह्यजे. नागपूरवरून मागवतो. आठ दिवस थांबा."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि बजावलं, "ताजी पाठवजा. गोदामात वर्षभर पडलेली नको, आपल्याकडच्या उन्हानं ती अर्धी मरूनच येते."

मला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुस्तकात नव्हती. "बॅटरी चालवून कमी मरते मॅडम, उभी ठेवून जास्त मरते."

बॅटरी आली. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी, हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. नळी भोकात बसली, खालची पकड घट्ट आवळली, टोकांना पेट्रोलियम जेली लावली. सगळं पहिल्या फटक्यात जमलं, फक्त मे महिन्यात मुका झालेला रेडिओ मुकाच राहिला. वीज तुटली की त्याला एक कोड लागतो, आणि तो कोड नागपूरच्या मित्राबरोबर परदेशी गेला होता. आम्ही तो कधी मागितला नाही.

आता दर आठवड्याला निदान पाऊण तास गाडी सलग चालवायची होती. ह्यांना रविवारी सकाळीसुद्धा पेशंट. म्हणून मी चालवायची ठरलं. एकटी कुठे जाऊ, म्हणून सासूबाईंना विचारलं.

"आई, येता का? केळापूरला देवीचं दर्शन घेऊ, मग हायवेनं थोडं पुढं जाऊन येऊ."

त्या लगेच लुगडं बदलून आल्या. बसणं सोपं नव्हतं. आधी पाठ, मग पाय, मग मी दोन्ही पाय उचलून आत घेतले.

"काहून वं, इतक्या खाली बसवतं मले? पाटावर बसल्यावानी वाटून राह्यलं."

दर्शन घेऊन हायवेला लागल्यावर मी गाडी जरा पळवली. मला वाटलं घाबरतील. त्या समोर बघत होत्या. मग म्हणाल्या, "समोर बसलं की रस्ता असा दिसते काय?"

"म्हणजे?"

"मी कधी समोर बसलीच नाही. तुझे सासरे होते तोवर ते समोर. मंग पोरगा चालवे, त्याच्याजोळ तू. मले मांगून लोकायचे डोकेच दिसत."

सासरे गेल्यापासून मी पुढच्या सीटवर बसत होते आणि एकदाही मागे वळून विचारलं नव्हतं. खरं तर तो प्रश्न मला पडलाच नव्हता. सांगून टाकलं, "आई, माझ्या ध्यानातच नाही आलं." त्या म्हणाल्या, "मी तरी कुठी बोलली? आता पुढं पाह्य, ट्रक हाय."

तेव्हापासून रविवार ठरला. रेडिओ नाही, त्यामुळे त्या बोलतात. त्यांच्या माहेरच्या सरकीच्या बाजाराबद्दल, पोहायला शिकलेल्या एका मैत्रिणीबद्दल, सासऱ्यांच्या रागाबद्दल. उतरवताना मी दोन्ही हात धरून ओढते आणि आम्ही दोघी हसतो.

गेल्या मार्चमध्ये पेपर तपासायला मला दोन आठवडे अमरावतीला राहावं लागलं. जायच्या आधी मी ह्यांना चार्जर दाखवला: लाल चिमटा लालला, काळा काळ्याला, आधी चिमटे, मग भिंतीतलं बटण. मल्टिमीटरचा आकडा बारा पॉइंट पाच व्होल्टच्या खाली गेला तर लावायचा. हे मान हलवत मोबाईल बघत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. ह्यांचा असेल वाटलं. सासूबाई होत्या.

"बारा पॉइंट चार झालतं. लावलं मी चार्जर. आता हिरवा दिवा लागला. काढू काय?"

"आई, तुम्ही लावलात?"

"मंग कोण लावीन? तो कवळी बसवून राह्यला कोणाची. आधी बटन बंद करू, मंग चिमटे, असंच ना?"

"असंच."

"बरं. टोकावर पांढरं पांढरं आलं हाय. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसू काय?"

"नको आई, आम्ल आहे ते. मी आल्यावर पुसू. हात धुवा साबणानं."

मी परतले तेव्हा पांढरं पुसलेलं होतं. हातमोजे घालून पुसलं, क्लिनिकमधले आणले होते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. ह्यांनी त्याच संध्याकाळी मला जरा दबकत विचारलं, "येत्या रविवारी मी नेऊ का गाडी? पेशंट नाही घेत."

"मला काय विचारता? आईंना विचारा."

त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "चाल. पण टप उघडा ठेव. आन सावकाश घे, तुले गतिरोधक दिसत नाहीत."